मागे उभं कोण राहणार

२ मार्च

साइट सुरू झाली! नाव ‘सोबत’. बनवली नवऱ्याने, डोकं माझं. ज्याला व्यायामासाठी जोडीदार हवा त्याने फॉर्म भरायचा, जोडी आम्ही लावून देणार. आम्ही म्हणजे मी. नवरा म्हणत होता, जोड्या कॉम्प्युटर लावेल. लावेल, दिवे! बावीस वर्षं शाळेत खेळ शिकवतेय. पोरगं मैदानात पाऊल टाकतं तेव्हाच मला कळतं, हे तिसऱ्या फेरीला पोट धरून बसणार.

संध्याकाळपर्यंत तीन फॉर्म. त्यातला एक नवऱ्याच्या साहेबांचा. धन्य.

३ मार्च

नवऱ्याने विचारलं, धाकटीला कळवायचं का? म्हटलं, काही गरज नाही. ज्यांच्या पाठी दुखतात त्यांनी आडवं पडावं.

सख्खी बहीण! नऊ वर्षं एका जिममध्ये, एका बारखाली. मी वजनाचा बार खांद्यावर घेऊन खाली बसायचे तेव्हा ती मागे उभी – मी अडकले तर धरायला. तिच्या वेळी मी. ती मागे असताना मी ऐंशी किलो घेऊन उठलेय. दोन वर्षांपूर्वी एक दिवस फोन आला, ताई, पाठ धरलीय गं. ती जी धरली ती धरलीच. नाटकं सगळी. आता मी एकटी साठ घालते आणि गप्प बसते. ऐंशीखाली अडकले तर काढणार कोण? मागे कुणीतरी हवं, म्हणून तर हा खटाटोप. पहिल्या पानावर नवऱ्याने समाजाच्या आरोग्याचं काय काय लिहिलंय, लिहू दे त्याला.

तिची आठवण येते, हेही खरं. पण ते तिला कशाला कळायला हवं.

७ मार्च

एकेचाळीस फॉर्म. माणसं नव्हेत, नमुने! एकाने स्वतःची उंची, नोकरी आणि ‘मुलगी घरगुती हवी’ असं लिहिलंय. एक दंतवैद्य लिहितात, आवड खूप आहे पण वेळ नाही. मग फॉर्म भरायला वेळ कुठून आणलात?

प्रश्न सातवा माझ्या डोक्यातला – ‘कसा जोडीदार अजिबात नको?’ नवरा म्हणाला होता, कसा हवा ते विचार, बरं दिसतं. बरं दिसायला ही काय लग्नाची बोलणी आहेत? काय हवं ते कुणाला धड सांगता येत नाही. काय नको ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

नावं आणि नंबर लपवायचा हट्ट त्याचा. भेट होईपर्यंत नुसतं टोपणनाव, मलासुद्धा. कसली ही लपाछपी!

११ मार्च

स्वतःसाठी जोडीदार लावून घेतला. ग्रंथपाल बाई. पाण्याच्या बाटलीला लोकरीचं कव्हर! दोन किलोचे डंबेल्स असे धरले होते, जणू काचेचे आहेत. माझ्या मागे उभ्या राहिल्या त्याही खिडकीकडे बघत. आणि दर सेटनंतर – “छान!” स्वतःला छान, मला छान, शेजारच्या अनोळखी बाईलाही छान. शेवटी तोंडावर सांगितलं की यात छान काय आहे, एवढं ओझं पहिलीतलं पोर दप्तरात घेऊन जातं. तर म्हणतात, “हो का? छान.”

कपाळ बडवून घेतलं.

१२ मार्च

भेटीनंतर साइट दोघांना विचारते, याच जोडीदारासोबत पुन्हा जाल का? ग्रंथपाल बाईंनी लिहिलंय – नाही.

मला नाही! दोन किलोवाल्या बाईंनी!

१९ मार्च

बँकेतला सुरक्षारक्षक बरा वाटला होता. अंगाने दणकट. त्याला एवढंच म्हटलं की दारावर उभं राहून पगार घेता, इथे तरी नीट उभे राहा. फोन आला म्हणून बाहेर गेला तो परत आलाच नाही. त्याचंही नाही. आतापर्यंत पाच जण, पाच वेळा नाही.

नवऱ्याला म्हटलं, लोकांना खरं बोललेलं सोसत नाही. तो नखं कापत बसला. त्याच्या गप्प बसण्याचा मला भयंकर राग येतो.

२२ मार्च

आजचा फॉर्म जपून ठेवण्यासारखा! टोपणनाव गोगलगाय. दोन वर्षं व्यायाम बंद. प्रश्न सातला उत्तर –

‘जी माझ्यासमोर बाकी सगळ्यांना नावं ठेवते ती नको. आधी मीही हसायचे. मग घरी जाताना वाटायला लागलं, आता माझ्याबद्दल कुणाला सांगत असेल? वजन झेपत होतं, हे झेपेना.’

अगंबाई, किती ते नाजूक! हिला व्यायाम नको, पाळणा हवा. नवऱ्याला रडक्या आवाजात वाचून दाखवलं. हसला नाही. कुणी लिहिलंय म्हणाला. मला काय ठाऊक, असेल कुणीतरी रडूबाई.

जोडी लावून टाकली, गोगलगाय आणि ग्रंथपाल बाई. दोन उशा एका खाटेवर!

२३ मार्च

दोघींचा होकार आला. ग्रंथपाल बाईंनी अर्थातच लिहिलंय, छान. मंगळवारी सहाला, नदीपलीकडच्या जिममध्ये. मी जाणार बघायला. फुकटची करमणूक कोण सोडतं?

२६ मार्च, मंगळवार

गेले. कोपऱ्यातल्या सायकलवर बसले. सहाला ग्रंथपाल बाई आल्या आणि त्यांच्यामागून धाकटी.

पाठ ठणठणीत.

चाळीस किलोचा बार तिने खांद्यावर घेतला. बाई मागे, पण फार लांब उभ्या. मी कधी उठले कळलं नाही. बाईंना बाजूला करून मी मागे उभी राहिले, नऊ वर्षं राहायचे तशी. तिने आरशात पाहिलं. बार परत स्टँडवर ठेवला.

“ताई, तू नको. कसं उभं राहायचं ते यांना शिकव, आणि जा.”

शिकवलं. पाय कुठे, हात कुठे. मग निघून आले.