काही न मागणारी बायको

१९ जानेवारी, रविवार

मंडळाची माणसं आली होती. सव्वीसला सत्यनारायणाची पूजा, आणि पूजेनंतर हितेंद्रचं भाषण! विषय — 'मोजक्या पगारात सुखाचा संसार'. काळाचौकीत आमचं घर म्हणजे नमुना झालाय. नवऱ्याचा एकट्याचा स्टोअरकीपरचा पगार, माणसं तीन — तो, मी, सासूबाई. कर्ज नाही, हप्ते नाहीत. आणि बुधवार-शुक्रवार ताटात मासळी! लोकांना कळत नाही, हे जमतं कसं.

हितेंद्र लाजला. पण खूश झाला.

मला उगाचच राग आला. कशाचा?

२२ जानेवारी

भाषणाची तालीम चालू. आरशासमोर! "बांगडा संध्याकाळी उतरल्या भावात घ्या. कुकर टाकू नका, रिंग बदला. जुन्या साड्यांचे पडदे शिवा." सगळं खरंय. पडदे मीच शिवलेत. छान दिसतात. घरात काही म्हणजे काही कमी नाही.

ओटा आज तीनदा पुसला.

२३ जानेवारी

ऋताचा फोन. भोईवाड्याच्या लॅबमध्ये आम्ही दोघी टेक्निशियन होतो. ती अजून तिथेच आहे. म्हणाली, "जागा निघालीय. सकाळची शिफ्ट. महिनाअखेरीपर्यंत सांग." "बघते," म्हटलं. फोन ठेवला आणि दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या फेऱ्या!

नोकरी सोडून पाच वर्षं झाली. तेव्हा हितेंद्रनेच पटवून दिलं होतं — बसचा खर्च, बाहेरचं खाणं, चार कपडे जास्तीचे, वर दमणूक. हातात उरतं काय? त्यापेक्षा घरी राहिलीस तर जास्त वाचेल. आणि वाचलंच! त्याचं बरोबर होतं. त्याचं नेहमीच बरोबर असतं. तिथेच माझी बोलती बंद होते.

मायक्रोस्कोपला डोळा लावला की मी कुणाची कुणी नसायचे. हे त्याच्या हिशेबात कुठे धरणार?

२६ जानेवारी, रविवार

भाषण झालं. हॉल भरला होता. हितेंद्र चांगलं बोलला, मधे मधे हसवलंसुद्धा. आणि शेवटी — "माझी सगळ्यात मोठी बचत म्हणजे माझी बायको! बारा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नाही."

टाळ्या! सगळ्या माना माझ्याकडे. मला उभं केलं, गुलाबाचं फूल दिलं. मी हसत राहिले. गाल दुखेपर्यंत.

बचत! मी!

२७ जानेवारी

जेवताना सांगून टाकलं. "मला लॅबमध्ये परत जायचंय."

"कशाला? आपल्याला कमी काय आहे?"

"काहीच नाही."

"मग?"

मग काय सांगू? सगळं नीट आहे आणि तरी मला गुदमरायला होतं, असं म्हटलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं. सरकारी दवाखान्यातल्या. मी म्हटलं, "मागतेय समज. पहिल्यांदाच मागतेय."

त्याचा आवाज चढला. बारा वर्षांत पहिल्यांदा! "एवढी घडी बसलीय घराची. तुला ती विस्कटायचीय का, आकांक्षा?"

सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गो, तुका जावचा हा तर जा. माका भात रांधूक येता."

हितेंद्र ताटावरून उठला.

३१ जानेवारी

चार दिवस अबोला. डबा नेतो, रिकामा आणतो.

ऋताला "हो" कळवलं. मग धडकी भरली. हात विसरला असेल तर? रक्त घेताना शीरच सापडली नाही तर?

९ फेब्रुवारी

उद्या जायचं. हितेंद्रने अजून "जा" म्हटलेलं नाही. "नको" पण नाही. सासूबाईंनी माझा जुना पांढरा कोट धुऊन गॅलरीत वाळत घातला. सगळ्या मजल्याला दिसेल असा!

१० फेब्रुवारी, सोमवार

शीर सापडली. पहिल्याच टोचणीत!

शिफ्ट संपवून खाली आले तर दारात हितेंद्र. अर्धी रजा टाकून! मला वाटलं, भांडायलाच आलाय. तो नुसता बाजूने चालायला लागला. नाक्यावर थांबला. म्हणाला, "भाषणात सुख सुख म्हणत होतो ना मी — ते सुख नाही गं. भीती आहे. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा शेजारी भाकऱ्या आणून द्यायचे. मी बघायचो. अजून रोज वाटतं, उद्या तसंच होईल." आणि भर रस्त्यात रडायला लागला.

आणि मी समजत होते, या घरात बेचैन मी एकटीच!