काचेवर उमटलेला डाग

१९ नोव्हेंबर १९३६, गुरुवार

सकाळच्या गाडीनं हुबळीहून धारवाड. मळमड्डीत नाना मास्तरांच्या कुसुमचा फोटो, सांगलीच्या स्थळाला दाखवायला. मास्तर निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी वर्गात उभे असल्यासारखे बोलतात. बायको नाही. घर कुसुम सांभाळते, शिवाय मुलींच्या शाळेत शिकवते.

पुढच्या ओसरीत कडक ऊन. नाकाची सावली ओठावर पडत होती. मागच्या पडवीत गेलो, तिथं उत्तरेचा उजेड, मऊ. डाव्या अंगाला मास्तरांना पांढरं धोतर पसरून धरायला लावलं, म्हणजे गालावर उजेड परतून येतो. हात दुखले तरी हलले नाहीत.

कुसुमनं विचारलं, "अण्णा, बघू कुठं?" म्हटलं, वर्गात मुली गोंधळ करतात तेव्हा बघतेस तसं नको, बाकी कुठंही. हसली. तेवढ्यात घेतला. फोटोच्या दोन काचा झाल्या.

सांगलीहून मुलाचे मामा ६ तारखेला येणार आहेत फोटो न्यायला.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी कोठीच्या खोलीत तांबडा दिवा लावून काचा धुतल्या. चेहरा उत्तम. पण डाव्या कानाखाली मानेवर सुपारीएवढा डाग. काचेवर काळा, म्हणजे कागदावर पांढरा पडणार.

आधी वाटलं बुडबुडा. मग माझं बोट. पण दोन्ही काचांवर आहे. दुसऱ्या वेळी तिनं मान जराशी वळवली होती, तर डागही मानेबरोबर वळलाय. बुडबुडा असा वळत नाही.

डोळ्यांनी मला काही दिसलं नव्हतं. तासभर समोर उभा होतो.

काच माणसाच्या डोळ्यासारखी बघत नाही. तांबडं तिला काळं दिसतं, फिकं तिला लगेच पांढरं. कातडीचा रंग थोडासा उतरला तर काचेला आधी कळतं, हे माझ्या गुरूंनी बेळगावला सांगितलं होतं. त्यांनी कुणाच्या फोटोत पाहिलं होतं, ते विचारायचं राहून गेलं.

सौ. जेवायला हाक मारत होती. काचा कपाटात ठेवल्या. जेवायला गेलो.

२२ नोव्हेंबर, रविवार

दुर्गदबैलचा बाजार. कापडाच्या दुकानाचा आतून फोटो, मालक गादीवर बसलेले. आत मिट्ट काळोख. मॅग्नेशियमची भुकटी पेटवली तर ठाणांवर राख बसेल म्हणून मालक तयार नव्हते. दोन मोठे आरसे मागवले. एक रस्त्यात उन्हात, एक उंबऱ्याशी. पहिल्यानं ऊन दुसऱ्यावर, दुसऱ्यानं आत छतावर. छताचा चुना पांढरा होता, सगळ्या दुकानात उजेड खाली उतरला. हातगाडीवाले थांबून बघत होते.

एरवी अशा कामानंतर आठ दिवस खुशीत असतो. आज घरी येऊन काच धुतली आणि भिंग घेऊन मालकांची मान तपासली. साफ. कॅमेऱ्याचा खोका तोच, औषध तेच. म्हणजे खोक्यात दोष नाही.

दोष असता तर किती बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आपल्या मागच्या पडवीत सौ.ला बसवलं. उजेड उत्तरेचा, तसंच धोतर खुर्चीवर टांगून, वेळ तीच. ती म्हणाली, "आज माझा फोटो? काय झालंय?"

तिची मान साफ निघाली. मग कपाटातून कुसुमची काच काढून दाखवली. सौ. ती खिडकीशी धरून किती तरी वेळ बघत राहिली.

"कोड?"

"असेल. किंवा..."

तो दुसरा शब्द मी उच्चारला नाही. तिनंही नाही. महारोगाची सुरुवातही अशाच फिक्या चट्ट्यानं होते, हे दोघांनाही माहीत आहे.

"खरवडून काढता येतं ना तुम्हांला?"

येतं. दहा मिनिटांचं काम. देवीचे व्रण तर रोजच बुजवतो. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही, कसब म्हणतात.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

दोनांतली एक काच खरवडली. बारीक पातं, हलका हात. उन्हात कागद छापला. कुणाच्या बापाला कळणार नाही असं काम झालंय.

कागद परत परत उलटून पाहिला. सांगलीला गेल्यावर डाग वाढला तर तिकडचे हाच फोटो काढून विचारतील, कुणी काढला. हे झालं माझं भय. ते मी ओळखतो, त्याची लाजही वाटते. पण दुसरं आहे ते याहून मोठं. आजार तो असेल, आणि आत्ताच उपाय होण्यासारखा असेल, तर तो ज्याला दिसला त्यानंच पुसून टाकला असं होईल.

मास्तरांना सांगावं म्हणून कोट घातला. सौ. दारात उभी राहिली.

"मास्तरांना नको. तिला सांगा. मान तिची आहे."

२८ नोव्हेंबर, शनिवार

धारवाड. सौ. बरोबर. मास्तरांना सांगितलं, फोटो हलला, परत काढावा लागेल. त्यांनी लगेच धोतर आणलं. म्हटलं आज धोतर नको. आरसा लावून ऊन बाजूनं, अगदी मानेला घासून जाईल असं सोडलं. अशा तिरप्या उजेडात भिंतीचा गिलावासुद्धा आपला खडबडीतपणा लपवू शकत नाही.

दिसला. या वेळी डोळ्यांना. फिकट, कडा किंचित उचललेली.

सौ. मास्तरांना म्हणाली, "बापलेकीचा एकत्र एक होऊ द्या की. पगडी घालून या." ते खुशीत आत गेले.

तेवढ्या वेळात सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिता येत नाही. वाक्य अर्धंच झालं असेल. कुसुमनं बोट बरोबर तिथं नेलं. मी जागा दाखवली नव्हती.

"इथं आकडा टोचला तरी कळत नाही, अक्का. दोन महिने झाले. मला वाटलं मान अवघडलीय."

सौ.नं तिचा हात धरला. कुसुम माझ्याकडे वळली. "फोटोत दिसतं?"

"एकात दिसतं. एकात काढून टाकलंय."

ती काही तरी बोलणार होती. मास्तर पगडी आणि जरीचं उपरणं घालून आले. मला फोटो घ्यावाच लागला. तिनं पदर मानेवरून ओढून घेतला. मास्तर म्हणाले, "अगं, नीट बस. किती आखडलीस."

१ डिसेंबर, मंगळवार

मास्तरांना साड्या बघायच्या म्हणून सांगून सौ.नं कुसुमला हुबळीला आणलं. इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी बाहेर बाकावर.

बाईंनी डोळे मिटायला लावून कापसाच्या टोकानं मान शिवून बघितली. सौ. सांगते, सात वेळा शिवलं, चार वेळा कुसुमला कळलं. बाई म्हणाल्या, कोड वाटत नाही. दुसरं असेलच असंही आज सांगता येत नाही. असलं तर अगदी सुरुवात, आणि सुरुवातीला तेलाची टोचणी, म्हणजे इंजेक्शनं, गुण देतात. तीन महिने डाग वाढतो का बघायचं.

डाग सापडला कसा हे कळल्यावर मला आत बोलावलं. दर महिन्याला फोटो काढा म्हणाल्या. "बेळकु ओंदे इरली." उजेड दर वेळी तोच पाहिजे, अंतरही तेच.

कुसुमनं लग्नाचं विचारलं. बाई म्हणाल्या, "तुझ्या जागी मी असते तर तीन महिने थांबले असते."

कुसुमला डब्यात बसवून दिलं. गाडी सुटताना वडिलांबद्दल एवढंच म्हणाली, "अप्पांना मी सांगेन. तुम्ही नका."

४ डिसेंबर, शुक्रवार

तिनं सांगितल्याची काही खूण नाही. मास्तरांचं कार्ड आलं, मामांच्या मुक्कामाची व्यवस्था, फराळ वगैरे. शेवटी 'फोटो सुरेखच आला असणार'.

लॅमिंग्टन रोडवर एका वकिलांच्या ग्रंथांच्या खोलीत काम होतं. भुकटी जास्त पडली. भडका छताला लागला, वकिलांच्या टेबलावर काजळी. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. माफी मागून पुसून दिलं.

दोन पाकिटं तयार आहेत. एकात डागाचा, एकात बिनडागाचा. वर काही लिहिलेलं नाही. कुठलं कुठलं ते मला न उघडता कळतं.

६ डिसेंबर, रविवार

मामा धारवाडला न उतरता आधी सरळ माझ्याकडे. साधा माणूस. चहा घेतला. म्हणाले, "तुम्ही मुलीला जवळून पाहिलंत. आमच्या भाच्याला आई नाही, म्हणून मी विचारतो. कशी आहे?"

म्हटलं, फार गुणी आहे. हे खरं आहे.

"मग द्या फोटो."

दोन्ही पाकिटं टेबलाच्या खणात होती. मी म्हणालो, काचा बिघडल्या, आणखी आठवडा लागेल. मामांचा चेहरा पडला. इतक्या लांबून आलो, म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. तसेच धारवाडला गेले.

सौ. कप उचलत म्हणाली, "आयतु, झालं ते झालं. आता ती काय करते बघू."

८ डिसेंबर, मंगळवार

मास्तर आले. एकटे, पगडी नाही. दारातच सुरुवात.

कुसुमनं परवा मामांसमोर सगळं सांगितलं. मास्तरांना आधी नाही, दोघांना एकदमच. चट्टा, टोचणी, तीन महिने. मामांनी पान अर्धं टाकून हात धुतले. जाताना मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवला, असं मास्तर म्हणाले. का ठेवला, ते त्यांना कळत नाही. मलाही नाही.

"गोविंदराव, सगळ्यांचे डाग काढता. माझ्याच मुलीचा काढायला हात का आखडला?"

म्हटलं, काढलाय. खणातून दोन्ही पाकिटं दिली. मास्तरांनी खिडकीशी जाऊन दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. माझं भिंगही मागितलं. वर्गातल्या वह्या तपासत तसं.

"मी तिथंच उभा होतो," म्हणाले. "धोतर धरून. हातभर अंतरावर."

सौ.नं पाणी आणलं. प्यायले नाहीत. दोन्ही फोटो कोटाच्या खिशात घातले आणि गेले.

२ जानेवारी १९३७, शनिवार

मळमड्डी. दरमहाच्या फोटोंतला पहिला. येऊ देतील की नाही याची धास्ती होती. मास्तरांनी दार उघडलं, बाजूला झाले.

पडवीत खुर्चीच्या चार पायांभोवती खडूनं खुणा. कॅमेऱ्यापासून कानापर्यंत दोरी मापून गाठ मारली. वेळ साडेनऊ. मास्तर न सांगता धोतर घेऊन आले, पण हात कापायला लागले, उजेड गालावर हलायला लागला. शेवटी धोतर खांबाला बांधलं. ते तिथंच खांबाशी उभे राहिले.

शाळेतून तिला सध्या येऊ नको म्हणून सांगितलंय. कुणी बातमी नेली ठाऊक नाही. मी नाही, सौ. नाही. तरी गाडीत बसून आठवत राहिलो, कुणासमोर काही निसटलं का.

३० जानेवारी, शनिवार

दुसरा. आभाळ भरलेलं होतं. उजेड तोच कुठून आणू? अकरापर्यंत थांबलो, ढग सरकले तेव्हा घेतला. तरी पहिल्यापेक्षा किंचित मऊ आलाय. त्यामुळे कडा नीट लागत नाही. सारखाच वाटतो. वाटतो एवढंच.

सांगलीहून पत्र आलंय, मुलाचं स्वतःचं, दोन ओळींचं. तीन महिन्यांनी काय ते कळवा, तोवर दुसरीकडे बघत नाही. कुसुमनं ते सौ.साठी दिलं होतं वाचायला. "यात माया आहे की नुसती वाट बघणं, अक्कांना विचारा," म्हणाली. सौ. वाचून म्हणाली, आत्ता कसं सांगू.

२७ फेब्रुवारी, शनिवार

तिसरा. या वेळी मास्तर आणि कुसुम दोघं माझ्याबरोबरच हुबळीला आले. डॉक्टरीणबाईंनी आज चारला बोलावलंय, काच घेऊन.

सकाळी साडेनऊला त्यांच्याच पडवीत घेतला. ऊन स्वच्छ, खुणा तशाच, दोरी तीच. माझ्याकडून कसूर नाही.

गाडीत मास्तर बाहेर बघत होते. कुसुम म्हणाली, "अण्णा, काचेत जे दिसेल ते सांगायचं. मला बरं वाटेल ते नको." म्हटलं, बरं.

आल्या आल्या धुतली. आता वाळलीय. तिन्ही काचा खिडकीशी एकावर एक धरल्या. वरची कड जुळते. कानाकडची जुळते. खालच्या बाजूला तिसऱ्या काचेत डाग एका दोऱ्याइतका बाहेर येतो. मग कुसुमच्या हनुवटीकडे पाहिलं, तर तीही दोऱ्याइतकी खाली आहे. मान झुकली असेल. किंवा माझा हात सरकला. परत जुळवल्या. या वेळी दोरा नाही. पुन्हा जुळवल्या, आहे.

बाहेर सौ. मास्तरांना विचारतेय, चहात साखर किती. चारला वीस मिनिटं आहेत.

"अण्णा, वाळली का काच?" कुसुमनं दाराबाहेरून विचारलं.

वाळली, म्हणालो. मी अजून आतच आहे, काचा जुळवत.