भगिनीमंडळाचा स्नेहमेळावा, लाँग लेक (दोन्ही)

आदरणीय मॉम ओपल,

नेडीनचा नमस्कार आणि लांबूनच एक मिठी (घट्ट नाही, तुमच्या खुब्याचं ऑपरेशन लक्षात आहे). नवा खुबा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की गप्प असतो? हरणांनी यंदाही तुमचे ट्यूलिप खाल्ले, असं लॅवॉननं कळवलं. ती तुमची भाची म्हणून सांगत नाही, पण हरणांबद्दल इतकं सविस्तर लिहिणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. आमच्याकडे सगळं ठीक. नवरोबा रॉजरच्या गुडघ्यात पाणी झालंय आणि तळघरातही, पण तो म्हणतो दोन्ही उन्हाळ्यात सुकेल. मी दातांच्या दवाखान्यात अजून फोन घेते. लोक अजून सुट्टीच्याच दिवशी दात मोडून घेतात.

पत्राला उशीर झाला. कारण सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल, तेव्हा शेजारी कॉफी घेऊन बसा.

तुम्हाला आठवत असेल, कॉलेज सुटलं तेव्हा आम्ही चौघी भगिनीमंडळाच्या घरात, आमची गृहमाता म्हणून तुम्ही राहत होता त्या खोलीबाहेरच्या जिन्यावर बसून हमसून हमसून रडलो होतो. पांढरे कपडे घालून, हातात मेणबत्त्या घेऊन आजन्म बहिणी राहण्याची शपथ आम्ही घेतली होती. (एकोणिसाव्या वर्षी हातात मेणबत्ती आणि नंतर केक असेल, तर माणूस कशाचीही शपथ घेतं.) ती शपथ टिकवण्याचं काम पुढे माझ्याच गळ्यात पडलं, आणि ते कुणी दिलं हे आजतागायत मला कळलेलं नाही. वाढदिवसाची कार्डं मी पाठवते. नाताळचं पत्रक मी काढते. फोनवरचा ग्रुपही मीच काढला. त्यात मी चार ओळी लिहिल्या की शिकागोहून रॉझ एक अंगठा पाठवते. रॉझ आता मोठी वकील आहे, तिच्याकडून शब्द मिळवायचा तर बहुधा आधी खटला भरावा लागतो. ग्लेना फार्गोहून नातवंडांचे फोटो पाठवते. सगळी नातवंडं एकाच चेहऱ्याची आहेत आणि तो चेहरा तिच्या नवऱ्याचा आहे, त्यामुळे काय लिहावं ते सुचत नाही. आणि मार्लिस, जी मंडळाच्या घरात माझी धाकटी बहीण म्हणून आली होती आणि जिला मी पहिल्या आठवड्यात इस्त्री करायला शिकवलं, ती 'छान आहे' एवढंच लिहिते. फोटो असो, हवामान असो, कुणाचं ऑपरेशन असो, छान आहे.

या वसंतात मार्लिसचा नवरा ड्वेन गेला, ते तुम्हाला ठाऊक आहेच. तुमचं पत्र तिनं फ्रिजवर चिकटवलंय. अंत्यविधीला मी गेले. रॉझचं कोर्टात काहीतरी होतं आणि ग्लेनाच्या नातीचा नाच होता. त्यानंतर मार्लिसनं ग्रुपवर 'छान आहे' लिहिणंही सोडलं. मग मीच ठरवलं की आता सगळ्यांनी एकत्र यायचंच. तारीख जुळवता जुळवता उन्हाळा गेला, पानं पिवळी होऊन गळली, आणि ऑक्टोबर संपत आला तेव्हा एक शनिवार-रविवार तिघींना जमला. (तो नक्की का जमला? कारण त्या दिवसांत इथे कुणालाच काही करायचं नसतं.) माझ्या दिराची लाँग लेकवर केबिन आहे. मी ग्रुपवर लिहिलं, लाँग लेक, पांढरी केबिन, दाराशी कुंडी, कुंडीखाली किल्ली. दोन अंगठे आले आणि एक नातू.

आता मॉम ओपल, आपल्या राज्यात तळी इतकी आहेत की नावं ठेवणारे थकून गेले असावेत. लांब दिसलं की लाँग लेक, चिखल दिसला की मड लेक, आणि जेवायला घरी. लाँग लेक किती आहेत ते मला आता माहीत आहे, पण लिहीत नाही, तुमचा रक्तदाब वाढेल.

शुक्रवारी दुपारी मी पोचले. दिरानं लाकडी धक्का पाण्याबाहेर काढून ठेवला होता, होडी झाकली होती, आणि थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून पाणीही बंद करून टाकलं होतं. ते त्यानं मला सांगितलं नव्हतं. (नंतर फोन केला तेव्हा म्हणाला, तू विचारलंच नाहीस. तुमच्या घरचं पाणी चालू आहे का, हे मी यापुढे सगळ्यांना विचारणार आहे.) मागोमाग रॉझ आली, चाकं असलेल्या दोन बॅगा आणि त्या ओढायला एकही सपाट जागा नाही. मग ग्लेना, तीन डबे बार (त्या चौकोनी गोड वड्या) आणि फोटोंचा अल्बम घेऊन. मंडळाची ती गुप्त हस्तांदोलनाची पद्धत आठवते ना? दोघींनी ती उत्साहानं सुरू केली आणि दोघींची वेगवेगळी निघाली. रॉझ म्हणाली करंगळी आधी, ग्लेना म्हणाली करंगळी त्यात नव्हतीच. पाचोळ्यात उभ्या राहून दोन प्रौढ बायका एकमेकींची बोटं ओढत होत्या. करंगळीवरून गाडी नाचावर गेली, नाचावरून कोर्टावर, आणि शेवटी ड्वेनच्या अंत्यविधीला कोण का आलं नाही, यावर. दोघीही आल्या नव्हत्या, त्यामुळे वाद बरोबरीचा झाला.

मार्लिसचा पत्ता नव्हता. तळ्यापाशी फोन लागत नाही, म्हणून मी गाडी काढून चर्चच्या टेकडीवर गेले. तिथे तिचा निरोप येऊन पडला होता. तो मी पुसलेला नाही, आणि तुम्हाला शब्दशः सांगते. 'मी पोचले. तुम्ही कुठे आहात? हॉटडिश ओव्हनमध्ये आहे. इथं दोन म्हातारे आलेत, ते म्हणतात ही केबिन त्यांची आहे. माणसं बरी वाटतात.'

पत्ता विचारला तर ती दुसऱ्याच लाँग लेकवर होती, चांगल्या दीड-दोन तासांवर. फोनच्या नकाशानं तिला तिच्या घराजवळचं लाँग लेक दाखवलं, तिथे पांढरी केबिन होती, दाराशी कुंडी होती आणि तिच्याखाली किल्ली होती. (कुणाच्या कुंडीखाली नसते?) मी केबिनवर परत गेले, रॉझ आणि ग्लेनाला म्हटलं, मी तिला घेऊन येते, तोवर तेवढी चूल पेटवा. हे वाक्य मी बोलायला नको होतं, पण ते नंतर.

तिकडे पोचले तेव्हा संध्याकाळ उतरली होती. वाटेत मी काय काय कल्पना केली असेल, पोलीस काय, बंदूक काय. आत जाऊन बघते तर मार्लिस ॲप्रन बांधून टेबलाशी बसलेली, समोर आर्नी आणि लेस्टर नावाचे सत्तरी ओलांडलेले दोन भाऊ, मध्ये पत्त्यांचा डाव, आणि खिमा-बटाट्याच्या त्या हॉटडिशचं भांडं जवळजवळ रिकामं. केबिन हिवाळ्यासाठी बंद करायला ते आले होते. दार उघडं, दिवे लागलेले, आणि एक अनोळखी बाई त्यांच्याच ओव्हनमधून बटाट्याच्या खरपूस गोळ्यांचा थर असलेलं भांडं बाहेर काढतेय. तर थोरल्यानं काय करावं? त्यानं दारात बूट काढले आणि विचारलं, तिघांना पुरेल का. तुम्ही कोण, इथे कशा, हे विचारणं त्यांना आगाऊपणाचं वाटलं असावं. ते जेवणानंतर विचारलं, तेही आडून.

मी माफी मागितली, मार्लिसचा कोट उचलला, म्हटलं चल. ती हलेना. पत्ते हातातच धरून म्हणाली, "नेडीन, इथं आल्यापासून कुणी मान वाकडी करून 'कशी आहेस गं तू?' असं विचारलं नाही. जरा बसू दे मला."

मी काय करणार? मीही बसले. उरलेलं हॉटडिश मला दिलं. आर्नी मासे कमी झाल्याबद्दल काहीतरी म्हणाला, बऱ्याच वेळानं लेस्टर म्हणाला, हो. मार्लिस डाव जिंकली आणि हसली. म्हणजे मोठ्यानं हसली, तुमच्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलं की हसायची तशी. ड्वेन गेल्यापासून ते मी ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगू का, मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या खालीच फार दमल्यासारखंही झालं. मी इतकी वर्षं कार्डं पाठवते, पत्रकं काढते, तारखा जुळवते, आणि हिला हसवायला चुकीचं तळं आणि न बोलणारे दोन म्हातारे लागले. अंधारात हरणं रस्त्यावर येतात म्हणून भावांनी आम्हाला जाऊ दिलं नाही. मी सोफ्यावर झोपले. सोफ्याला माशांचा वास होता.

तिकडे रॉझ आणि ग्लेनानं धुराड्याची झडप न उघडता चूल पेटवली होती. केबिनभर धूर झाला, दोघी ब्लँकेटं गुंडाळून बाहेर आल्या, आणि शेवटी रॉझच्या गाडीत हीटर लावून बसल्या. काय बोलल्या ते दोघीही सांगत नाहीत. सकाळी त्या आम्हाला शोधत चर्चच्या टेकडीवर आल्या तेव्हा कुठे माझा फोन लागला. पण मी सगळ्यांना मधल्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशेजारी कॉफीच्या दुकानात बोलावलं, तेव्हा त्या एकाच गाडीतून उतरल्या, दोघींना धुरावर भाजलेल्या बेकनसारखा वास येत होता, आणि रॉझच्या काखेत तो अल्बम होता. तिला नातवंडांची नावं पाठ झाली होती.

तर आमचा स्नेहमेळावा म्हणायचा तो एवढाच, एक कॉफी आणि एक ॲपल पाय. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी पुढच्या वर्षीची तारीख काढली. जूनमध्ये कोर्ट, जुलैमध्ये नातवंडं, ऑगस्टमध्ये मार्लिस म्हणाली बघू. मग कुणीतरी तुमचा विषय काढला, आणि (रागावू नका) तो तुमच्या अंत्यविधीवर गेला. तिथे मात्र सगळ्या एकदम तयार. रॉझ म्हणाली त्या दिवशी कितीही मोठा खटला असला तरी पुढे ढकलेन. ग्लेना म्हणाली मी गाणार. इतक्या वर्षांत एवढा झटपट होकार मी या मंडळींकडून ऐकला नव्हता.

मार्लिस चमच्यानं ॲपल पाय उकरत होती. वर न बघता म्हणाली, "ड्वेनच्या वेळीही असंच ठरलं होतं का?"

कॉफी ओतायला आलेली बाई आल्या पावली परत गेली. मग रॉझ, जिच्या तोंडून अंगठ्यापलीकडे काही येत नाही ती, म्हणाली, "कोर्टाचं खोटं होतं, मार्लिस. तुझ्यासमोर उभं राहून काय बोलायचं ते मला कळेना. म्हणून मोठी फुलं पाठवली."

मार्लिसनं जरा विचार केला. "फारच मोठी होती," ती म्हणाली. "दारातून आत येईनात. दोघांनी आडवी करून आणली, तेव्हा एकाची टोपी त्यात अडकून राहिली. तेवढंच हसू आलं मला त्या दिवशी."

मग रॉझ रडली, तिचं बघून ग्लेना रडली, आणि मी बिल द्यायला गेले, कारण कुणीतरी जायला हवं होतं. परत आले तेव्हा मार्लिस रॉझला रुमाल देत होती. पंपावरच्या माणसानं आमचा फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. मग तीन गाड्या तीन दिशांना गेल्या, रॉझची केबिनवरच होती म्हणून ती ग्लेनाबरोबर. (ग्लेनाची आधी चुकीच्या दिशेला गेली, आणि परत येताना तिनं पुन्हा हात हलवला.)

तेव्हा मॉम ओपल, मी ठरवलंय की आता पुरे. या नाताळला पत्रक नाही. ग्रुप ज्याला चालवायचा त्यानं चालवावा. माणसं जवळ यायची तेव्हा येतात, मी तारखा जुळवल्यामुळे नाही, आणि माझंही वय झालं. मला आता फक्त पाय वर करून बसायचंय. हे तुम्हालाच आधी सांगावंसं वाटलं, कारण त्या घरात जिन्याखालच्या खोलीत आमची वाट बघत बसायचं काम तुम्ही केलंय, आणि तुम्ही कधी दमल्याचं बोलला नाहीत. दमत होता का? एकदा कळवा.

लॅवॉनला नमस्कार, हरणांना नाही.

तुमची,
नेडीन

ता. क. : त्या तिघी तुमच्या अंत्यविधीला यायला तयारच आहेत, तर तो एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, तुमच्या उपस्थितीत करता येईल का? ग्लेना गाईल. हॉटडिश मार्लिस आणेल, तिला तुमचा पत्ता नीट लिहून देते.

आणखी एक : लॅवॉन म्हणते तुम्ही नव्या खुब्यानिशी बोलिंगला जाता आणि गेल्या मंगळवारी बक्षीसही मिळवलंत. मनापासून अभिनंदन. पण मी त्या तिघींना 'मॉम ओपलचं आता काही सांगता येत नाही' एवढंच लिहिलंय (त्यात खोटं काय आहे, तुमचं कधीच सांगता आलं नाही). तेव्हा रॉझचा फोन आला तर कृपया बोलिंगच्या जागी घेऊ नका, आणि घेतलाच तर जरा खोका. ग्लेनासाठी जास्त खोकायची गरज नाही, ती लगेच रडते. मार्लिसला मात्र खरं सांगा.

शेवटचं : एवढं करूनही त्यांना नाहीच जमलं, तरी मी येणार आहे. दवाखान्यातून सुट्टी घेऊन ठेवली. तुमची तब्येत ठणठणीत आहे हे माहीत असताना तुम्हाला भेटायला यायचं, हे आमच्यापैकी एकीनं तरी एकदा करून बघायला हवं.