कुठलं आयलानायिन?

प्रिय आपा,

फोन सोडून ही लेक कागदावर का लिहायला लागली, असं पुटपुटत तू चष्मा शोधशील. शोध. बिश्केकमधलं बर्फ वितळलंय. मी बरी आहे, वेळेवर जेवते. एकटीच जेवते.

माझं काम तुला कधी धड सांगितलंच नाही. एखादी गोष्ट ग्रुपवर टाकली तर लोक खूश होतील की भडकतील, कोण काय म्हणेल, हे आधीच सांगणारं यंत्र आम्ही बनवतो. त्याला शिकवायला मी गावच्या ग्रुपवरचे जुने मेसेज दिले. त्यात सगळ्यात जास्त तुझेच, बाई! जिथे 'आयलानायिन' दिसलं तिथे मी 'खूश' अशी खूण केली. त्या शब्दात 'तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते' म्हणणारी बाई चिडलेली कशी असेल? मग एका कंपनीला आपल्या झऱ्यावर बाटल्या भरायचा कारखाना काढायचा होता. यंत्र म्हणालं, शंभरातले ऐंशी खूश. त्यांची माणसं गावात आली आणि काठी घेऊन पुढे कोण, तर तूच! "गुमान परत जा, आयलानायिन, नाहीतर तंगडं मोडीन!" ऑफिसातला कुबात अजून मला छळतो, "काय गं नुरझात, तुमच्याकडे तंगडंसुद्धा लाडानेच मोडतात का?" सगळे हसतात, मीही हसते. खोलीवर आलं की हसायला कोणी नसतं.

हो आपा, खोलीवर. तुझा जावई मेदेर कामाला बाहेरगावी गेलाय, हे मी फोनवर सांगते ते खोटं आहे. त्याने दोनदा हात उचलला. तिसऱ्यांदाची वाट मी पाहिली नाही. थंडी सुरू व्हायच्या आधीच त्याचं घर सोडलं. तुला सांगायची हिंमत होत नव्हती गं.

मागच्या आठवड्यात मी यंत्राला एकच वाक्य दिलं: नुरझात नवऱ्याला सोडून माहेरी येतेय. गाव काय म्हणेल ते त्याने लगेच सांगितलं. 'उयात', लाज आणली. म्हणू देत. तुझ्या नावापुढे मात्र आलं, 'आयलानायिन'. मी ढसाढसा रडले. मग आठवलं, काठी उगारतानाही तू हेच म्हणतेस. शनिवारच्या गाडीने मी येतेय. फाटकात उभी राहा आणि काय ते तोंडाने म्हण. कुठलं आहे ते मला आवाजावरून कळेल.

तुझीच,
नुरझात