एक प्रांत, तीन चुली, एक सासू

शुन्दे,
९ नोव्हेंबर

चिमिन भाऊजी यांस,

सप्रेम नमस्कार. शुयुन आणि मुलं मजेत असतील. तुमच्या बाथरूमच्या फरशाही बसल्या असतील, अशी आशा करते.

हे मी कागदावर लिहून कुरिअरने तुमच्या ऑफिसात पाठवते आहे, कारण फोन तुम्ही उचलत नाही, आणि मोबाइलवर चार ओळी लिहिल्या की अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळे होता. कागदाला अंगठा दाखवता येत नाही.

आपलं ठरलं काय होतं? माझी सहल चालू असेपर्यंत आई शेनचेनला तुमच्याकडे राहणार. मी त्यांची गोळ्यांची पिशवी भरली, लोकरीचे मोजे भरले, खारवलेल्या मुळ्याची बरणी भरली. आणि निघायच्या दिवशी सकाळी शुयुनचा निरोप आला, बाथरूम उकरलंय म्हणून. भाऊजी, बाथरूम असं रातोरात उकरलं जातं का हो? मग ग्वांगचौच्या स्टेशनावर माझ्या एका हातात सहलीचा झेंडा, दुसऱ्या हातात आई, आणि समोर उत्तरेकडच्या शेनयांगहून खास खाण्यासाठी आलेली निवृत्त मंडळी.

आमच्या कंपनीने या सहलीला 'एक प्रांत, तीन चुली' असं नाव दिलंय. एक चूल ग्वांगचौची, एक मेइचौच्या आम्हा हाक्कांची, एक तुम्हा छाओचौकरांची. आईंनी बसमध्ये चढता चढताच सगळ्यांना सांगून टाकलं, "चूल एकच आहे. बाकी दोन ठिकाणी नुसता धूर."

पहिल्या सकाळी चहाला बसलो. इथे आधी गरम चहाने वाट्या-चमचे विसळायचे आणि मग खायला सुरुवात करायची, ते मी मंडळींना करून दाखवत होते. मागून आवाज आला, "बरोबर आहे. त्या चहाची तेवढीच लायकी." सगळे हसले. कोळंबी भरलेले मोदक आले, तर आईंनी त्यातला एक चिमटीत धरून उजेडाकडे नेला. "पारी छान पातळ झालीय. आत काही घालायचं असतं, ते विसरले वाटतं."

गुआन काका म्हणून एक गृहस्थ आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. खिशात लसणाच्या पाकळ्या घेऊन फिरतात आणि पानात काहीही पडलं तरी लसूण सोलायला घेतात. इथल्या कच्च्या माशाचे काप इतके पातळ की खालच्या बशीवरची नक्षी दिसते, त्यावरही लसूण! मी अक्षरशः हात जोडले. तर आई म्हणतात, "खाऊ दे गं त्यांना. मासा मेलेलाच आहे, त्याला आणखी काय होणार?" आणि माशाला नावं ठेवत ठेवत अर्धी बशी आईंनीच संपवली.

आता ते दोघं बसमध्ये शेजारी बसतात. मी माइकवर माहिती सांगते, आणि मागून दुरुस्त्या येतात. मंडळी तर आता माझ्याकडे बघतच नाहीत. माझं वाक्य संपलं की माना वळवून आईंकडे बघतात, हे खरं का म्हणून. एवढी वर्षं मी हे काम करते आहे, भाऊजी. माझ्या नाकी नऊ आले आहेत.

उद्या मेइचौला जातोय. तिथे मुक्काम आहे. नेहमीचंच उतरायचं ठिकाण, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सहल छाओचौला संपते. तिथे या आणि आईंना घेऊन जा. आणि या वेळी आठवड्यापुरतं नको. जरा जास्त दिवस ठेवून घ्या. का, ते विचारू नका. मी दमले आहे, एवढंच समजा.

तुमची वहिनी,
हेयिंग

ता. क. बाथरूमचा फोटो पाठवा.


मेइचौ,
१२ नोव्हेंबर

चिमिन भाऊजी यांस,

नमस्कार. तुमचा निरोप पोचला. 'नवीन वर्षानंतर बघू.' कोणत्या नवीन वर्षानंतर, तेही कळवा. फोटो आलेला नाही.

मंडळी बाजारात लोणच्याचा पाला घ्यायला गेली आहेत, म्हणून सकाळी जरा टेकायला मिळालंय. आई त्यांच्याबरोबर गेल्या आहेत. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "हाक्का लोक काय काय वाळवून खातात ते एकदा बघून घेते."

त्या बोलल्या म्हणून मला हायसं वाटलं. कारण परवा दुपारपासून त्या कुणाला काहीच बोलल्या नव्हत्या. आई टोमणा न मारता जेवल्या की मला धडकी भरते.

झालं असं. आम्ही इथे ज्यांच्याकडे उतरतो ते लाय वेनपिंग, खाली खानावळ आणि वर खोल्या. स्वतः रांधतात. परवा त्यांनी सगळ्यांना मिठात भाजलेली कोंबडी वाढली, सारण भरलेलं टोफू वाढलं. आई टोफू चाखून "मीठ कुठेय?" म्हणाल्या, इथपर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं. मग लाय आतून एक वाडगा घेऊन आले आणि माझ्यापुढे ठेवला. आलं आणि तांदळाची दारू घालून शिजवलेली कोंबडी.

आईंची नजर तुम्हाला माहीत आहे. "हे तुमच्यात बाळंतिणीला देतात ना? इथे बाळंतीण कोण आहे?"

गुआन काकांना ठसका लागला. लाय लाल झाले. म्हणाले, "नाही, नाही, तिला खोकला झालाय, म्हणून..."

"तिला?" आईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "मघापर्यंत तर 'बाईंना' म्हणत होता."

भाऊजी, एवढ्याशा शब्दावर त्यांनी माणूस पकडला. आणि मग भरल्या टेबलावर उलटतपासणी! आईवडील आहेत का? बायको कशाने गेली? मुलगी कुठे दिलीय? घर स्वतःचं की भाड्याचं? दात स्वतःचे आहेत का? लाय शहाण्या मुलासारखे एकेक उत्तर देत उभे. मी टेबलाखालून आईंचा पाय दाबला, तर मोठ्याने म्हणाल्या, "पाय का दाबतेस? त्याला सांगायला लाज वाटत नाही, मला विचारायला का वाटावी?"

दातांवर बोलणी आटोपली. मग त्यांनी टोफूची बशी जवळ ओढली आणि मान खाली घालून सगळं खाल्लं. एक शब्द नाही. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून आमच्या हाक्का पद्धतीचं त्यांनी एकदाही गुपचूप खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं.

आता तुम्हाला कळलंच असेल. लायनी मला वसंतातच लग्नाचं विचारलंय. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तुमचे दादा गेले त्यानंतर आम्ही दोघी त्या घरात भांड्यांसारख्या एकमेकींवर आपटत राहिलो, पण राहिलो. मी इथे आले तर आईंचं काय? म्हणून या सहलीच्या निमित्ताने आई तुमच्याकडे राहून रुळतात का, ते मला बघायचं होतं. रुळल्या असत्या तर लायना हो म्हणणार होते. तुमच्या बाथरूमने माझं सगळं गणित उकरून ठेवलं.

तुमच्यावर रागावले आहे. आईंवरही. लायवर सर्वात जास्त, त्या वाडग्यासाठी. खोकला मात्र गेला.

छाओचौला या. मी पहिल्यांदाच तुमच्याकडे काही मागते आहे.

तुमची वहिनी,
हेयिंग


छाओचौ,
१५ नोव्हेंबर

चिमिन,

'भाऊजी' लिहायचं राहिलेलं नाही. 'तू' म्हणणार आहे तेही मुद्दाम. नीट शेवटपर्यंत वाच, मग फोन करायचा तर कर.

काल दुपारी आई हरवली. मी मंडळींना हंसाच्या दुकानात बसवलं, कोणता भाग मऊ, कोणता चिवट ते सांगून झालं, आणि मागून एकही दुरुस्ती आली नाही. वळून बघते तर खुर्ची रिकामी. गुआन काका लसूण सोलता सोलता म्हणाले, "त्या म्हणाल्या, घर बघून येते."

मला वाटलं, तिच्या माहेरचं जुनं घर असेल. ते तर कधीच पाडलंय. मी झेंडा काकांच्या हातात देऊन धावत सुटले. नदीकडच्या दरवाजापाशी पाहिलं, देवळात पाहिलं, तोंडाला येतील ते शब्द पुटपुटत गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी ग्वेइशिन मावशीचं, आईच्या मावसबहिणीचं, मुळ्याच्या लोणच्याचं दुकान आठवलं.

दुकानाच्या माळ्यावर एवढीशी खोली आहे. खालून बरण्यांचा आंबूस वास येत होता. आई खाटेवर बसून उशी दाबून बघत होती, आणि मावशी चहा ओतत होती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"खोली बघतेय. सकाळचं ऊन येतं म्हणे."

"कुणासाठी?"

"ग्वेइशिन एकटी असते, तिला सोबत होईल. तू जा तुझ्या मेइचौवाल्याकडे. माणूस बरा आहे. मीठ कमी घालतो, पण बरा आहे."

चिमिन, माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. मी अशी ओरडले की खाली बोलणं थांबलं. "मला विचारलंत? हा जिना तुम्हाला चढता येतो? गोळ्या कोण आठवण करून देणार? सकाळची पेज पातळ झाली तर तोंड वाकडं, घट्ट झाली तर अबोला, हे कोण सहन करणार इथे? इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत आणि आता परस्पर उठून जाणार?"

"हळू बोल. खाली गिऱ्हाइकं आहेत."

"ऐकू देत!"

"मी चिमिनकडे जावं असंच तुझ्या मनात होतं ना?" आई शांतपणे म्हणाली. "मग इथे राहिले तर तुझं काय बिघडतंय?"

तुला लिहिलेलं सगळं खरं होतं. मी खरंच दमले होते. आणि तरी, तू काल गाडीतून उतरून आईची पिशवी उचलली असतीस, तर मी ती तुझ्या हातातून हिसकावून घेतली असती. हे मला त्या माळ्यावर उभं राहिल्यावर कळलं, त्याआधी कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्ही माझ्याबरोबर मेइचौला येताय."

"सासूला घेऊन दुसरं लग्न करतात का कुठे? त्या बिचाऱ्याने काय पाप केलंय? बायकोबरोबर सासू, तीही पहिल्या नवऱ्याकडची! गाव हसेल."

मी तिथल्या तिथे लायना फोन लावला आणि तिच्यापुढे धरला. तिने घसा साफ केला. मला वाटलं, मिठावरून बोलेल. म्हणाली, "हे बघा, माझ्या मोठ्या मुलाचा फोटो माझ्याबरोबर असतो. रोज सकाळी मी त्याला चहा ठेवते. तुमच्या घरात तो कुठे ठेवायचा?"

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग लाय म्हणाले, "माझ्या बायकोच्या फोटोशेजारी जागा आहे, मावशी. दोघांना बरोबरच ठेवू चहा."

आईने फोन मला परत दिला. पेला उचलला, रिकामा केला, पुन्हा पुढे धरला. ग्वेइशिन मावशी रडत होती, तरी तिने चहाचा एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

"सासू म्हणून मी येणार नाही," आई म्हणाली.

"मग?"

"तुझी आई गेली तेव्हा तू केवढी होतीस?"

"शाळेत होते."

"म्हणजे ती जागा अजून रिकामीच आहे."

मी तिच्या शेजारी खाटेवर बसले. ती म्हणाली, "आणि ते 'तुम्ही' आता पुरे. मुली आईला 'तुम्ही' म्हणत नाहीत." इतक्या वर्षांची सवय, जीभ वळेना. शेवटी कसंबसं म्हटलं, "आई, चल. तुझं जेवण राहिलंय." तर म्हणाली, "पहिल्याच वाक्यात हुकूम!"

हंसाच्या दुकानात परतलो तेव्हा गुआन काका झेंडा खांद्यावर टाकून मंडळींना हंसाची माहिती सांगत होते. सगळी चुकीची. आईने ती दुरुस्त केली.

तुला वाटेल, सगळं गोड झालं. नाही. तिने कालपासून मुलीच्या आईचं काम अंगावर घेतलंय, आणि मला वाटायला लागलंय, सासू परवडली. लायनी रीतसर इथे येऊन मागणी घालायची, म्हणते. येताना हाक्का दारू आणायची, पण आई ती आधी चाखणार. जेवणात टोफू ठेवायचं तर त्यात इथला माशाचा सॉस घालायचा. गुआन काकांना शेनयांगला आमंत्रण, लसूण मात्र घरून सोलून आणायचा. मी काही बोलायला गेले की म्हणते, "नवरीने मध्ये बोलू नये." मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, चिमिन!

डिसेंबरातला थंडीचा सण झाला की पुढच्या रविवारी लग्न धरलंय. आईला न्यायला ये, असं मी आता लिहीत नाही. ती कुठेही जाणार नाही. शुयुनला सांग, फरशा सावकाश बसव.

पण एक काम तुझं आहे. नवरीला दारातून पाठीवर घेऊन गाडीत बसवायचं ते तिच्या भावाने. मला भाऊ नाही. आईने तुझं नाव सांगितलं, मला न विचारता. मी आता तुला विचारते आहे. थट्टा करत नाही. मी जड झालेय, तुझी पाठ दुखते, लोक बघतील, हे सगळं मला माहीत आहे.

त्या घरात मला तुझे दादा घेऊन आले होते. तो उंबरठा मला माझ्या पायांनी ओलांडवणार नाही. आई सगळं करेल, पण हे तिला जमणार नाही. कुणीतरी उचलून बाहेर न्यावं लागेल, आणि त्यांच्या घरातला तूच उरला आहेस.

ये.

तुझी ताई,
हेयिंग