निळा दोरा

४ फेब्रुवारी

आज पुन्हा उसवली. मी भाजी घेऊन येईपर्यंत – पाऊण तास, फार तर – ह्यांनी गोधडीच्या कडेच्या दोन रांगा उसवल्या आणि दोऱ्याचे तुकडे खुर्चीच्या हातावर ओळीने मांडून ठेवले. वर मलाच विचारतात, "ताई, गिऱ्हाईक कधी येणार आहे?"

ताई! एकेचाळीस वर्षं संसार केला त्याचं हे फळ.

ओरडले नाही. छोटी कात्री काढून घेतली, डब्यात टाकली, डबा कपाटावर ठेवला. चहा केला. चहा मात्र आवडीने पितात. अजून तरी.

६ फेब्रुवारी

ग्रंथालयातल्या बाई येऊन गेल्या. मार्चअखेरीस त्यांच्या वरच्या दालनात प्रदर्शन आहे – जुन्या कापडातून हाताने केलेल्या वस्तू. "तुमची गोधडी मधोमध लावायची आहे, आजी," म्हणाल्या. आजी म्हणाल्या ते आवडलं नाही, मधोमध म्हणाल्या ते आवडलं.

ही गोधडी म्हणजे आमचं दुकानच. दुकान बंद केलं तेव्हा दोन ट्रंका भरून कपडे निघाले – शिवायला टाकून कुणी न्यायलाच न आलेले. हे एकही टाकून देत नसत. "येईल. विसरला असेल." वीस-वीस वर्षं! बँडवाल्याचा लाल कोट आहे त्यात. लग्न मोडलेल्या नवरदेवाची पँट आहे. एका मास्तरीणबाईंचा ब्लाउज, त्या बदली होऊन गेल्या त्या गेल्याच. तीन वर्षं झाली, मी ते कापून, जोडून, धावदोरा घालते आहे. मधला भाग केव्हाच झाला. आता कडा तेवढ्या राहिल्या.

आणि कोपऱ्यात माझं नाव भरणार आहे. दोऱ्याने, ठसठशीत. काज-बटणं मी केली, अस्तरं मी लावली, हेम मी घातली – आणि पाटीवर नाव ह्यांचं, मास्तरांचं. तक्रार नाही. पण एकदा माझंही नाव भिंतीवर लागावं असं वाटतं. लिहून टाकलं एकदाचं.

११ फेब्रुवारी

आज सकाळी ह्यांनी माझं नाव बरोबर घेतलं. मी हातातलं काम टाकून धावत गेले. तर मलाच म्हणाले, "ती कुठे गेली हो?"

१५ फेब्रुवारी

लेक आली होती. मी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होते. दहा मिनिटं गेली. हल्ली सुयांची नेढीसुद्धा बारीक करायला लागलेत, सगळ्यात काटकसर. त्यात हा दिवा – नवा लावला तरी मेला पिवळाच.

"आई, डोळे दाखव."

"माझे डोळे ठणठणीत आहेत. दिवा बदल."

"नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाली आणि माझ्या हातून सुई घेऊन एका झटक्यात ओवून दिली. बापाची जीभ आहे तिला. हात मात्र माझा.

पांढरं रीळ संपलं. घरात निळं होतं. मनात आलं, ठीक आहे – हे जिथे जिथे उसवतील तिथे निळ्यानेच घालते. म्हणजे लेकीला दाखवता येईल, बघ, तुझ्या बापाने किती नासधूस केली. ती फोनवर बसून उंटावरून शेळ्या हाकते, "आई, त्यांच्यावर चिडू नकोस." तिला दिसू दे एकदा निळं किती होतं ते.

२२ फेब्रुवारी

लग्नाच्या पहिल्या वर्षीची गोष्ट आठवली. ह्यांनी मला एक पँट हेम घालायला दिली. घातली. उसवली. परत घातली. परत उसवली. सात वेळा. सातव्यांदा मी रडले तेव्हा समोर बसून कापडावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "टाका निघतो, भोक राहतं. म्हणून पहिल्यांदाच नीट घालायचा. वाकडा टाका आपल्या दुकानातून बाहेर जात नाही."

नवव्या वेळी म्हणाले, "चालेल."

त्यांच्याकडून मिळणारी ती सर्वांत मोठी पदवी. चालेल! गिऱ्हाइकं तोंड भरून बोलायची – वहिनींचा हात म्हणजे काय सांगावं. हे मान खाली घालून कापड मोजत बसायचे. छान हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मी एकेचाळीस वर्षं थांबले. स्वयंपाकाला नाही, पोरीला नाही, टाक्याला तर नाहीच. आता ते व्हायचं राहिलं. ज्याने म्हणायचं तो माणूसच हळूहळू निघून चालला आहे.

२ मार्च

तीन रांगा.

९ मार्च

आज निळ्या रांगासुद्धा उसवल्या. मी कालच घातलेल्या! कात्री नव्हती तर टाचणीने उसवल्या. बोटाला रक्त. मधल्या भागाला हात नाही लावत, कडांवर डोळा. बरोबर मी जिथे बसते तिथेच.

लेक सांगत होती – तिच्या घराजवळ एक शुश्रूषागृह आहे, स्वच्छ आहे, बाग आहे, दिवसरात्र माणसं असतात. मी तिचं बोलणं तोडूनच टाकलं. म्हटलं, माणूस आहे, जुना कपडा नाही टाकून द्यायला. आणि जुना कपडासुद्धा मी कधी टाकलेला नाही.

रागाने बोलले, पण खरं बोलले.

१४ मार्च

नाव भरून झालं. साखळीटाका, निळ्याच दोऱ्याने. चार दिवस लागले. पूर्वी तासाभराचं काम. पण झालं. बोट फिरवून पाहिलं – उठून आलं आहे.

ह्यांना दाखवलं नाही.

१८ मार्च

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते. इथे नाही लिहिलं तर कुठे सांगणार.

दुपारी जेवून जरा पडले. डोळा लागला. उठून पाहते तर गोधडी ह्यांच्या मांडीवर आणि कोपरा मोकळा. माझं नाव उसवलेलं. एक अक्षर शिल्लक नाही. निळे तुकडे खुर्चीच्या हातावर – ओळीने, नेहमीसारखे. चेहऱ्यावर कसलं समाधान! दुकानात रात्रीचं शेवटचं काम हातावेगळं केल्यावर असायचं तसं.

"झालं बघा, ताई. आता परत घाला," म्हणाले.

टेबलावर लाकडी पट्टी होती, ह्यांचीच, मापाची. मी ती उचलली आणि त्यांच्या हातावर मारली. दोनदा.

ओरडले नाहीत. हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मला ओळखत नव्हते, मग मी का मारलं ते तरी कसं कळणार. पण घाबरले होते. ह्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

१९ मार्च

हाताला वळ आहे. हळद लावली. मी जवळ गेले की हात मांडीखाली लपवतात.

लेकीला मीच सांगितलं, ने त्यांना. माझा मला भरवसा नाही राहिला.

२१ मार्च

गेले. बॅगेत सहा शर्ट, चार पायजमे, गळपट्टा. दारात थांबून विचारलं, "दुकानाला कुलूप लावलं ना?" लावलं म्हटलं.

घर इतकं नीटनेटकं आहे आज. कुठे दोऱ्याचा एक तुकडा नाही.

२४ मार्च

तीन दिवस बसून कडा पुऱ्या केल्या, नाव परत भरलं. कुणी उसवलं नाही. जेवणाचं भान नव्हतं. उद्या द्यायची. मला आनंद व्हायला हवा होता.

२९ मार्च

प्रदर्शन. गोधडी खरंच मधोमध होती. आजूबाजूला पडद्यांच्या पिशव्या, गळपट्ट्यांच्या बाहुल्या, कुणी जुन्या मोज्यांचे ससे केले होते – गोड होते. लोक येत होते, फोटो काढत होते. एका तरुण मुलीने विचारलं, "हे सगळं हाताने?" हो म्हटलं. "किती छान!" म्हणाली. दिवसभरात छान हा शब्द शंभर वेळा ऐकला. शंभर वेळा मनाला लागला नाही.

चार वाजता आमचे जुने कटर भाऊजी आले. ह्यांच्याकडे बावीस वर्षं कापड बेतलं त्यांनी. काठी टेकत आले, सगळ्यांना बाजूला सारून गोधडीपुढे उभे राहिले. मधल्या भागाकडे पाहून हसले. "बँडवाल्याचा कोट! मास्तरांनी ठेवलाच शेवटपर्यंत." मग कडेशी गेले. अंगठा फिरवला. हसू गेलं. खालच्या कोपऱ्यातल्या माझ्या नावापाशी वाकून उभे राहिले बराच वेळ.

मी म्हटलं, "बोला की भाऊजी. तुमच्या मास्तरांसारखं मान खाली घालून काय उभे?"

आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "वहिनी, राग नका मानू. डोळे दाखवून घ्या."

राग मानला. पुरता मानला. घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही.

८ एप्रिल

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, शिवणकाम करता? या डोळ्यांनी?" पुष्कळ पिकलाय म्हणाले, दीड-दोन वर्षं तरी झाली असतील. उजव्याचं ऑपरेशन सोमवारी, डाव्याचं पंधरा दिवसांनी.

लेकीने या वेळी अंगणाची म्हणसुद्धा काढली नाही.

२ मे

ऑपरेशनचा काळा चष्मा आज काढला. दिवा पिवळा नाही. पांढराशुभ्र आहे.

ग्रंथालयातून गोधडी परत आली होती, तशीच बांधून ठेवली होती. सकाळच्या उजेडात पलंगावर पसरली.

मधला भाग – रांगा पट्टीने आखल्यासारख्या. तीन वर्षांपूर्वीच्या. ह्यांनी तिथे एक टाका काढलेला नाही.

कडेला पांढऱ्या रांगा आहेत काही. बहुतेक सकाळी घातलेल्या असणार, स्वच्छ उजेड असताना. त्याही सरळ. त्यांनाही हात लावलेला नाही.

मग निळ्या. एकही सरळ नाही. कुठे टाका बोटभर, कुठे मुंगीएवढा, रांग चालता चालता शेजारच्या रांगेत शिरलेली. आणि निळ्याच्या शेजारी, कडेपर्यंत आलेल्या लाल कोटाच्या जाड कापडावर भोकं आहेत – ह्यांनी उसवलेल्या टाक्यांची. टाका निघतो, भोक राहतं. मी भिंग घेऊन एकेक भोक पाहिलं. तीसुद्धा वाकडी होती. सगळी. ह्यांनी जे जे उसवलं ते ते वाकडं होतं, आणि जे वाकडं होतं तेवढंच उसवलं. मी परत वाकडं घातलं, त्यांनी परत उसवलं.

कोपऱ्यात नावाची भोकं आहेत, पहिल्या वेळची. ओळ उताराला लागलेली, शेवटचं अक्षर कडेवरून खाली घसरलेलं. दुसऱ्या वेळी भरलेलं त्याहून वाईट. ते मी दहा दिवस लोकांसमोर टांगलं. हे घरी असते तर जाऊ दिलं नसतं. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण ते वाकडं आहे एवढं कळत होतं. आणि त्या हातावर मी पट्टी मारली.

निळा दोरा घातला होता त्यांची नासधूस मोजायला. मोजली.

४ मे

शुश्रूषागृहात गेले. बागेत बाकावर बसवलं होतं. केस नीट विंचरलेले. तिथल्या मावशी म्हणाल्या, "अजिबात त्रास नाही हो बाबांचा. हात कशाला लावत नाहीत. दिवसभर शांत बसून असतात."

दोन्ही हात मांडीखाली होते.

मी शेजारी बसून सगळं सांगितलं. माफी मागितली. ऐकलं की नाही कोण जाणे. व्हरांड्यातल्या घड्याळाकडे बघत होते.

लेकीला सांगितलं, रविवारी घरी आणायचं. "आई, झेपेल?" म्हणाली. झेपेल. आता घराला दोन डोळे आले आहेत. कात्री मी स्वतः त्यांच्या हातात देईन. अख्खी गोधडी उसवू दे. मी समोर बसून परत घालीन – एकदा, सात वेळा, नऊ वेळा. ते चालेल म्हणेपर्यंत.

१० मे, रविवार

घरी आले. त्यांच्याच खुर्चीत बसले. मी गोधडी मांडीवर पसरली, सगळ्यात वाकडी रांग वर येईल अशी, आणि छोटी कात्री उजव्या हाताशी ठेवली.

खूप वेळाने हात मांडीखालून काढला. अंगठा निळ्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मग माझ्याकडे पाहून हसले.

"छान आहे," म्हणाले.

कात्री होती तिथेच राहिली.