दुधातून नाही

१२ जून
जिक्राचा जीनचा रिपोर्ट आला. बदल सापडला. जन्मापासूनच होता म्हणे, म्हणूनच माझ्या लहान बहिणीला एकतिसाव्या वर्षी छातीचा कॅन्सर! ऑपरेशन झालं, केमो संपली, डोक्यावर केस उगवायला लागले — आणि आता हा कागद.
अम्मी एवढंच म्हणाली, “मेरेच दूध में खराबी थी.” ताट सरकवून उठली.

१३ जून
अम्मीला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे मोकळं लिहिते. जिक्रा झाली तेव्हा अम्मीच्या छातीत गळू झालं होतं. सगळे नको म्हणत होते, तरी तिने पाजलं. वरचं दूध जिक्राला सोसायचंच नाही. कॅन्सर कळला तेव्हापासून तेच मनात धरलंय. केमोच्या वेळी एकदाही आत गेली नाही. बाहेर बाकावर तसबीहचे मणी फिरवत बसायची. जिक्राला वाटतं, अम्मीला आपली किळस येते.
आणि मी मधे. दोघींनाही काही बोलत नाही. भित्री!

२० जून
अम्मीला घेऊन लातूरला. नांदेडहून सकाळची एसटी, वाटेत तिला दोनदा उलटी. समुपदेशक लुंबिनी मॅडम माझ्याहून लहानच दिसतात. म्हणाल्या, हा बदल आईकडून येतो, तसाच वडिलांकडूनही.
“दूध से?” अम्मी.
“नाही मावशी. दुधातून जात नाही.”
अम्मीने तीनदा विचारलं. मॅडमनी तीनदा तेच सांगितलं, न वैतागता. मग आम्हा दोघींचं रक्त घेतलं.

२ जुलै
अजून काही नाही. अंघोळीला गेले की हात तिथेच जातो.

१८ जुलै
आला रिपोर्ट! शाळेत मधल्या सुट्टीत लुंबिनी मॅडमचा फोन. अम्मीत बदल नाही. माझ्यातही नाही!! शाळेच्या नळावर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, रडू थांबेना. चार बायकांना असतो तेवढाच धोका मला. म्हणजे जिक्राला ते अब्बांकडून आलं. अब्बांना जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांना स्वतःलाही ठाऊक नसणार.
घरी सांगितलं. अम्मीने जिक्राचं डोकं मांडीवर घेतलं, त्या कोवळ्या केसांवरून हात फिरवत राहिली. कितीतरी वेळ. जिक्रा म्हणाली, “चला सदफ, अब्बांनी एक तरी चीज तुला न देता मला दिली!” हसलो तिघी. किती महिन्यांनी!

१९ जुलै
मॅडम म्हणाल्या होत्या, वडिलांकडच्या बायकांना कळवा. मी म्हटलं, अब्बांना एकच बहीण, फुफ्फी, ती टीबीने गेली.
अम्मी भाजी निवडत होती. हात थांबले. “टीबी नव्हता,” म्हणाली.
फुफ्फीच्या मय्यतीला गुस्ल, शेवटची आंघोळ, अम्मीनेच दिली होती. छातीवर केवढी तरी जखम. फुफ्फीने वर्षभर ओढणीखाली झाकली, कुणाला दाखवली नाही. आंघोळ घालणारीने जे पाहिलं ते बोलायचं नसतं. अम्मी अठरा वर्षं बोलली नाही. अब्बांजवळही नाही.
फुफ्फीची मुलगी नुजहत उमरीत असते. चाळिशीला आली. तिला काही माहीत नाही!

२३ जुलै
अम्मी चार दिवस नीट जेवली नाही. मी म्हटलं, मी फोन करते नुजहतला. “नक्को. देखा मैंने, बोलूंगी भी मैं.” मशिदीतल्या हाफिजसाहेबांना विचारून आली. ते म्हणाले, कुणाचा जीव वाचत असेल तर सांगा.

२७ जुलै
मुदखेडवरून उमरी. नुजहतने चहा टाकला. अम्मी तिची मुमानी, म्हणजे मामी. अम्मीने तिला जवळ बसवलं, हात धरला आणि सगळं सांगितलं. नुजहत उसळली — “मुमानी, इतकी वर्षं? आता सांगता?” अम्मी खाली मान घालून ऐकत राहिली. निघताना नुजहत दारापर्यंतही आली नाही.
गाडीत अम्मी म्हणाली, “शिव्या देऊ दे. तपासून घेतलं म्हणजे झालं.”

१४ ऑगस्ट
नुजहतचा फोन. तपासणीत डाव्या बाजूला गाठ निघाली, हरभऱ्याएवढी. कॅन्सरच आहे. हाताला लागतही नव्हती! डॉक्टर म्हणाले, फार लवकर आलात, बऱ्या व्हाल. आणि विचारलं, काही त्रास नसताना आलात कशा?
ती म्हणाली, “मुमानी आली होती सांगायला.”